वसंतगडाला लागणारा उजेड कोणाला हवाय?

उंब्रजच्या पेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ येणं बंद झालं, टीव्ही क्वचित येतो, बॅटऱ्या मात्र रोज येतात. नवी बॅटरी घ्यायला आलेला माणूस ती दुकानातल्या भिंतीवर मारून बघत नाही. तो बाहेर रस्त्यावर जातो, हात वर करतो आणि विचारतो, "भाऊ, हिचा फोकस किती लांब जातो? पार वसंतगडाच्या किल्ल्याला लागली पायजे." कंपन्यांनाही हे बरोबर कळलंय. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते किती मीटर. उजेड किती पसरतो, किती तास टिकतो, उघडून दुरुस्त होते का, याबद्दल अवाक्षर नाही.

रात्री उसाला पाणी पाजायला निघालेल्या माणसाला वसंतगड बघायचा नसतो. त्याला बघायचा असतो पायापुढचा चार-पाच हात बांध, मोटारीच्या स्टार्टरचा डबा आणि सरीच्या शेवटापर्यंत पाणी पोचलं का ते. या तीन कामांना तीन वेगळे उजेड लागतात. बाजार त्याला एकच विकतो: पांढरा, निळसर, डोळ्यांत घुसणारा.

तारळी जिथं कृष्णेला मिळते त्या पट्ट्यात ऊस दाट आहे आणि शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्याची पाळी रात्रीची, तो दोन वाजतासुद्धा दारं धरायला जातो. हिवाळ्यात नदीकाठी धुकं असतं. जोरदार पांढरा झोत धुक्यावर आणि ओल्या पाचटावर आपटून परत येतो, पुढचं काहीच दिसत नाही. शिवाय डोळा अंधाराला नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि झगझगीत पांढऱ्या उजेडात ही सगळी कमाई क्षणात जाते. बॅटरी विझवली की माणूस आंधळा. मग तो ती विझवतच नाही आणि पहाटेच्या आत सेल संपतो.

म्हणून मी गेली काही वर्षं दुकानात तीन रंगांची बॅटरी बनवतो: लाल, पिवळा आणि पांढरा. विकायला फारशा नाहीत, ओळखीच्यांसाठीच. लोक आधी हसतात, गणपतीच्या देखाव्याची लाईट आहे का म्हणतात. पण अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी गडद लाल उजेडाला जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळं लाल उजेडात फ्यूज बघितला, स्टार्टर दाबला, तरी अंधारातली नजर टिकते. आकाशनिरीक्षण करणारे लाल दिवा वापरतात तो याचसाठी.

पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटिन लावलं की काम झालं, असं वाटतं. होत नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा थर देऊन तो पांढरा दिसतो. त्यात लाल भाग आधीच कमी, त्यावर जिलेटिन लावलं की बहुतेक उजेड कागदातच मरतो. एलईडीचा रंग काचेचा नसतो, आतल्या पदार्थाचा असतो. निक होलोनियाक यांनी दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्येच करून दाखवला होता. निळा मात्र तीस वर्षं कोणाला नीट जमेना. १९९३ मध्ये तो झगझगीत करून दाखवला शुजी नाकामुरा यांनी, तेही टोकियोत बसून नव्हे, तर तोकुशिमा नावाच्या बाजूला पडलेल्या भागातल्या एका कंपनीत. २०१४ चं नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर मिळालं. आज हायवेवर समोरच्या गाडीचे दिवे डोळे दिपवतात, त्यांचंही मूळ त्या निळ्यातच आहे.

बनवायचं म्हटलं तर अवघड काही नाही, फक्त दोन गोष्टींत कंजूषपणा चालत नाही. पहिली म्हणजे उष्णता. जुन्या बल्बची बरीचशी ऊब उजेडाबरोबर पुढं निघून जायची. एलईडीची ऊब पाठीमागून काढावी लागते. साध्या इंडिकेटरच्या एलईडीला २० मिलीअँपिअर पुरतात, या मोठ्याला ३५० लागतात. तो चांदणीच्या आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला येतो, पण ती चकती एकटी पुरत नाही. मी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या हीटसिंकचा जाड तुकडा कापतो, मध्ये पांढरी थर्मल पेस्ट पातळ लावतो आणि स्क्रूनं आवळतो. फेविक्विक नाही. लाल आणि पिवळ्याला तर ही काळजी जास्तच, कारण तापल्यावर त्यांचा उजेड निळ्या-पांढऱ्यापेक्षा लवकर उतरतो.

दुसरी म्हणजे करंट. लिथियमचा १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. लाल एलईडीला लागतात सुमारे २.२. मधल्या दोन व्होल्टांसाठी ५.६ ओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर टाकला की भागतं. पांढऱ्याला ३.३ च्या आसपास लागतात. तिथं रेझिस्टर टाकला तर सेल थोडा उतरताच उजेड मलूल होतो. त्याला करंट धरून ठेवणारी नाण्याएवढी ड्रायव्हर पट्टी घ्यावी. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. २२०० मिलीअँपिअर-तासांचा खरा सेल असला तर एक रंग सहा तास चालतो, म्हणजे रात्रीची पाळी निघते. लॅपटॉपच्या भंगारातले सेल काढून वापरणारे बरेच आहेत. मी वापरत नाही. सेलला संरक्षणाची पट्टी हवीच, लिथियम शॉर्ट झाला तर पेट घेतो. रंग बदलायला मी जुन्या रेडिओचा बँड-स्विच लावतो, एवढा करंट त्याला झेपतो. बॉडीसाठी कोणाच्या तरी आजोबांची मोठ्या सेलची पितळी बॅटरी मिळाली तर सोनंच.

लाल उजेडाचं कौतुक एवढं केलं, आता त्याची उणी बाजू. लाल उजेडात बांधावरून चालू नका. एकाच रंगाच्या उजेडात बाकी रंगांतला फरक उरत नाही, सगळं लाल-काळं होतं. घोणस तपकिरी, तिच्या अंगावरचे ठिपके गडद, खाली तपकिरी माती आणि पाचट; लाल उजेडात ती मातीच होऊन जाते. चालताना पांढराच लावावा, पण मंद आणि पसरट, आणि बॅटरी कमरेच्या उंचीला धरून. डोक्याला बांधलेल्या दिव्यात वस्तूची सावली वस्तूमागंच दडते. खालून, तिरक्या उजेडात वेटोळ्याची सावली पडते आणि ते उठून दिसतं. पिवळा ठेवलाय तो पावसाळ्यासाठी: मोटारीजवळ तासभर बसायचं असलं की पाखरं त्याच्याकडं कमी येतात.

खरा उपाय दिवसा लाईट देणं हाच आहे, आणि कोणतीही बॅटरी त्याची जागा घेऊ शकत नाही. सौर कृषी वाहिनी योजना राज्यानं २०१७ मध्ये आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या शिवारात दिवसाची लाईट पोचेल तिथं माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. पण उसात बिबट्या असताना आणि बांधावर साप असताना माणसाला रात्री शेतात पाठवायचं, आणि त्याच्या हातातल्या दिव्याचा विचार मात्र मीटरात करायचा, हे मला पटत नाही. शेती खात्यानं अवजारांची प्रात्यक्षिकं घ्यावीत तशी या उजेडाचीही एखाद्या अंधाऱ्या रात्री, उसाच्या फडात घ्यावीत. दुकानासमोर ट्यूबलाईटखाली बॅटरीची परीक्षा होत नसते.

पिवळ्याकडं पाखरं कमी येतात, हे रंगांचं गणित उलटं वापरलं की हुमणी किडीवर उपयोगी पडतं. वळवाचे पहिले पाऊस झाले की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि उजेडाकडं झेपावतात. तिथं पिवळा नाही, निळा-जांभळा एलईडी लावायचा, खाली पाणी आणि थोडं रॉकेल घातलेलं घमेलं. त्या जांभळ्याकडं रोखून बघू नका आणि पोरांना बघू देऊ नका, डोळ्याच्या पडद्याला तो वाईट. आणि अंधार पडल्यापासून दोन-तीन तासांनी तो बंद करा. रात्रभर चालू ठेवला तर घमेल्यात पिकाला मदत करणारे किडेच पडत राहतात.