अठ्ठावीसच्या अलीकडे

गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तो राग फळांवर निघाला. महिनाभरात पंतप्रधान सायप्रसला जाऊन आले आणि ‘तुर्कस्तानचा वैरी तो आपला सोयरा’ असा हिशेब आपल्याकडे अनेकांनी मांडून टाकला. पूर्व भूमध्य समुद्रात सोयरीक किती दिवस टिकते, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

तिथे कास्तेलोरिझो नावाचे ग्रीसचे एक चिमुकले बेट आहे. वस्ती सुमारे पाचशे. अथेन्स पाचशे किलोमीटरहून दूर. तुर्की किनारा मात्र दोन किलोमीटरवर, दारात उभे राहिले तर दिसतो. बेटावरची माणसे बाजारहाटाला बोटीने समोरच्या काश या तुर्की गावी जातात. अर्धा तासही लागत नाही. भांडण आहे ते दोन्ही राजधान्यांचे. माणसे राहतात त्या बेटाला मुख्य भूमीसारखाच २०० सागरी मैलांपर्यंत हक्क, असे ग्रीस १९८२च्या सागरी कायद्यावर बोट ठेवून सांगते. तुर्कस्तानने त्या करारावर सहीच केलेली नाही. दहाएक चौरस किलोमीटरच्या बेटाने चाळीस हजार चौरस किलोमीटर समुद्र गिळावा, हा कुठला न्याय, असा त्याचा सवाल. कायद्याचे कलम ग्रीसच्या बाजूचे, यात शंका नाही. पण काळ्या समुद्रातल्या सर्पबेटाला हेगच्या न्यायालयाने २००९मध्ये बारा मैलांपलीकडे काहीही दिले नाही, हे अथेन्सलाही ठाऊक आहे.

कोर्टात जायची कोणालाच घाई नाही, म्हणून मग नकाशे निघाले. नोव्हेंबर २०१९मध्ये तुर्कस्तान आणि लिबियाचे त्रिपोली सरकार यांनी १८.६ सागरी मैलांची सामाईक हद्द ठरवली. मध्ये क्रीट हे भलेथोरले ग्रीक बेट आहे, याचा दोघांनाही विसर पडला! मधल्याचे शेत वगळून दोन शेतकऱ्यांनी आपापसांत बांध घालावा, तसला हा प्रकार. चिडलेल्या ग्रीसने लिबियाच्या राजदूताला घरी पाठवले आणि त्रिपोलीला वेढा घालून बसलेले पूर्व लिबियाचे सेनानी हफ्तर यांचे अथेन्समध्ये स्वागत केले. ६ ऑगस्ट २०२० रोजी ग्रीस आणि इजिप्तने आपली रेघ ओढली. चार दिवसांत तुर्कस्तानचे सर्वेक्षण जहाज समुद्रात उतरले आणि आणखी दोन दिवसांत ग्रीसची ‘लिम्नोस’ आणि तुर्कस्तानची ‘केमाल रेईस’ या युद्धनौका एकमेकींना घासल्या. दोन्ही देश नाटोचे सदस्य, हे सांगायला हवेच.

इजिप्तची ती रेघ नीट पाहण्यासारखी आहे. २०१३मध्ये इजिप्तचे तुर्कस्तानधार्जिणे अध्यक्ष मोर्सी यांची सत्ता गेल्यापासून कैरो आणि अंकारा यांच्यात विस्तव जात नव्हता. तरीही इजिप्तने रेघ २६व्या रेखांशाजवळ सुरू केली आणि २८व्यापाशी थांबवली. ऱ्होड्स बेट अर्धेच तिच्यात आले. कास्तेलोरिझो २९च्याही पलीकडे, म्हणजे ज्यावरून एवढा गहजब, ते बाहेरच! भांडण आज आहे, शेजार कायमचा आहे, एवढे भान कैरोने रागातही सोडले नाही.

पुढे झालेही तसेच. फेब्रुवारी २०२४मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान कैरोला गेले, सप्टेंबरात इजिप्तचे अध्यक्ष सिसी अंकाऱ्याला. एप्रिल २०२५मध्ये हफ्तर यांचे चिरंजीव सद्दाम अंकाऱ्यात पाहुणचार घेत होते. त्यांच्या वडिलांचा त्रिपोलीचा वेढा २०२०मध्ये उधळला होता तो तुर्की ड्रोननीच. आता पूर्व लिबियाही तुर्की नकाशा मान्य करील की काय, या धास्तीने ग्रीसच्या परराष्ट्रमंत्र्यांना बेनगाझी गाठावी लागली.

सायप्रसशी दोस्ती जरूर करावी. व्यापार, बंदरे, सारे काही. पण सफरचंदांच्या रागात त्या समुद्राच्या हद्दीवर भारताने आपली मोहोर उठवू नये. तुर्कस्तानवर आपल्याहून कितीतरी अधिक चिडलेल्या इजिप्तनेही रेघ ओढली, ती अठ्ठावीसच्या अलीकडे.