सोळाव्या दिवसाची गोळी

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, मग तो राव असो वा रंक, कुटुंबामागे वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळावेत, असा निर्णय केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला आणि २९ ऑक्टोबरला ‘आयुष्मान वय वंदना’ योजनेचा प्रारंभ झाला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु वंदना करावयाची तर पायांवर वाकावे लागते. वाकणाऱ्याने ते पाय जरा निरखून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.

मधुमेह झालेल्या वृद्धाच्या तळव्याला जखम होते, ती त्याला जाणवत नाही, चिघळते आणि अखेर पाय कापावा लागतो. रुग्णालयात खाट मिळाली की कार्ड जागे होते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे १५ दिवस एवढ्या औषधांचा खर्च योजना सोसते. सोळाव्या दिवसाची गोळी ज्याची त्याने घ्यावयाची! मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिस आहे. ती निकामी होऊ नयेत म्हणून रोज घ्यावयाच्या रक्तदाबाच्या गोळीला मात्र या कार्डावर जागा नाही. श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांत ज्याची चूल पेटते, तो आधी कशावर काट मारतो हे सांगावयास नको.

आमच्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक टोक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे व नातवंडे तेवढी उरतात. मुलगा-सून पाडव्यापर्यंत परतायचे नाहीत. गोळ्या संपल्या तर आणावयाच्या कोणी? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे खरे. पण आष्टी तालुक्यातील म्हातारीला ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि रक्तदाब मोजण्यासाठी कोणी इतक्या दूर जात नाही.

साध्या उपचाराअभावी शस्त्रक्रिया, हे या जिल्ह्याने पूर्वीही पाहिले आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचे प्रकरण गाजले तेव्हा, २०१९ साली, शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायका आता म्हातारपणाकडे चालल्या आहेत. ज्यांची अंडाशयेही काढली गेली, त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात. खुब्याचे हाड मोडल्यावर त्यांना कार्ड उपयोगी पडेल. मोडण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहणार कोण?

यावर शासनाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट आहे, औषधेही फुकट आहेत. आहेत, पण साठा असेल तेव्हा. खाटेवर कार्डाने हक्क दिला आहे. गोळीवर हक्क नाही, ‘पुढच्या आठवड्यात या’ आहे. दुसरा आक्षेप विम्याच्या जाणकारांचा: बारीकसारीक औषधांची बिले विम्यात घेतली तर हिशेब आवरणार नाही, खोट्या बिलांचा पूर येईल. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. मग बिले नकोतच, औषधच द्यावे. शासनाला ते जमत नाही असे कसे म्हणावे? आपल्या निवृत्त नोकरांना केंद्र सरकार १९५४ पासून चालत आलेल्या आरोग्य योजनेतून बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे देतेच. उसाच्या फडात कंबर मोडलेल्याने कोणती चूक केली?

अमेरिकेने १९६५ साली वृद्धांसाठी विमा आणला तोही मुख्यतः रुग्णालयाचा व डॉक्टरांच्या फीचा. घरी घ्यावयाच्या औषधांची सोय त्यात यावयास २००६ उजाडले. श्रीमंत देशाने चाळीस वर्षे केलेली चूक आपण हौसेने गिरवण्याचे कारण नाही. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे रुग्णांच्या घरी पोहोचविण्यास आरंभ केला.

बीडमध्ये तेवढेच व्हावे. टोळ्या निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या वृद्धांची गावोगाव यादी व्हावी, साखर व रक्तदाब मोजला जावा, तळपाय पाहिले जावेत, आणि दरमहा गोळ्या उंबऱ्यापर्यंत याव्यात. गोळ्या न आल्यास तक्रार कोठे करावयाची, ते कार्डाच्या पाठीमागे मराठीत छापावे. हे काम आशाताईंकडेच येईल, तेव्हा त्याचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. सेवाभावाच्या नावाखाली त्यांच्याकडून आजवर पुष्कळ करवून घेतले आहे.