फ्रेंचला इंग्रजीचा वळसा कशाला?

आपले आपण फ्रेंच शिकू पाहणारी माणसे आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. कॅनडाने २०२३ साली कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यांतून फ्रेंच जाणणाऱ्यांची वेगळी निवड सुरू केली. तेव्हापासून नाशिक-नांदेडकडचे अभियंते आणि परिचारिकाही फ्रेंचचे पुस्तक उघडून बसलेल्या भेटतात. कुणाला भाषांतराचे काम हवे असते, कुणाला निवृत्तीनंतर डोक्याला खाद्य हवे असते. कुणाच्या मुलाने अकरावीला फ्रेंच घेतलेले असते आणि त्याच्याबरोबर आईही शिकू लागते. या सगळ्यांच्या हाती पहिल्या दिवशी जे पुस्तक किंवा अ‍ॅप येते ते मात्र इंग्रजी वाचक डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. त्यातले व्याकरण इंग्रजीतून समजावलेले, उच्चार इंग्रजी अक्षरांत दाखवलेले. मराठी माध्यमात शिकलेला माणूस ते चार दिवस चाळतो आणि ‘आधी इंग्रजी पक्के करतो, मग फ्रेंचकडे वळतो’ असे म्हणून बाजूला ठेवतो. तो ‘मग’ बहुधा उगवत नाही.

फ्रेंच ही इंग्रजी आलेल्यांनीच शिकायची भाषा, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असेही कुणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे की, फ्रेंचचे उच्चार आणि व्याकरण यांपुरते बोलायचे तर मराठी माणसाला इंग्रजीचा वळसा घ्यायची गरज नाही. उलट त्या वळशात त्याच्याजवळ असलेले बरेच काही हरवते.

उच्चारांपासून सुरुवात करू. फ्रेंचमधले त आणि द हे आपले दंत्य त आणि द आहेत. इंग्रजीत ते तसे नाहीत, म्हणून इंग्रजी शब्द घेताना आपण तिथे ट आणि ड बसवले. आता हाच माणूस इंग्रजीच्या दारातून फ्रेंचकडे गेला की ‘रेस्टॉरंट’चा ट बरोबर घेऊन जातो. तिथे तर शब्द आहे ‘रेस्तोराँ’. तसेच प, त, क यांचे. इंग्रज माणूस शब्दाच्या आरंभी हे वर्ण उच्चारतो तेव्हा त्यात हकाराची फुंकर मिसळते. फ्रेंच शिकताना ती फुंकर घालवण्यासाठी त्याला तोंडासमोर कागद धरून सराव करावा लागतो. आपल्याकडे प आणि फ, त आणि थ, क आणि ख वेगळेच आहेत. पहिल्या दिवशी आपला ‘प’ जसाच्या तसा चालतो.

नाकातून येणाऱ्या स्वरांची भीती फार घातली जाते. इंग्रजी पुस्तके ते दाखवायला शब्दापुढे ‘एनजी’ जोडतात आणि विद्यार्थी जन्मभर ‘बाँग’, ‘नाँग’ करत राहतो. फोनवर आपण ‘हां, हां, बोला’ म्हणतो तेव्हा जो आ नाकातून येतो, तोच फ्रेंचचा आँ. तसाच ओ नाकातून काढला की ओँ झाला. ‘चांगला’ या अर्थाचा शब्द पुल्लिंगी ‘बोँ’ आणि स्त्रीलिंगी ‘बॉन’. पहिल्यात न मुळीच उच्चारायचा नाही, दुसऱ्यात स्वच्छ उच्चारायचा. कोकणी किंवा मालवणी कानावर पडत वाढलेल्यांना तर हे सांगावेही लागत नाही.

दोन ध्वनी मात्र खरोखर परके आहेत. एक, ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवून काढायचा स्वर. ओठांचा चंबू न हलवता ‘ई’ म्हणायची, की तो जवळपास येतो. दुसरा त्यांचा घशातला र. उर्दू जाणणारा गायक ‘गझल’मधला ग ज्या जागी घासून काढतो, तिथे शोधला तर हा र सापडतो. या दोघांसाठी पंधरा दिवस द्यावेत. पण र जमला नाही म्हणून अडून बसू नये. आपला र कुणालाही कळतो.

खरी अडचण उच्चारांची नसून लेखनाची आहे. फ्रेंचमध्ये लिहिलेले बरेच काही बोलत नाहीत. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ यांतले क्रियापद लिहायच्या तीन तऱ्हा आहेत आणि कानाला तिन्ही वेळा एकच ‘पार्ल’ ऐकू येते. नवशिका इथे वैतागतो. पण ज्यांनी १९६२ पूर्वीची मराठी पुस्तके वाचली आहेत त्यांनी तरी वैतागू नये. ‘तें’, ‘केलें’, ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरची टिंबे आपणही उच्चारत नव्हतो, पण शाळेत ती चुकली की गुण कापले जात. ते अनुस्वार एके काळच्या उच्चाराची आणि व्याकरणाची खूण होते. साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते गेले. फ्रेंचमधली शेवटची मुकी अक्षरेही बहुतेक तशीच, जुन्या उच्चाराची राहिलेली खूण आहेत. फ्रेंचांनी ती काढली नाहीत, एवढेच.

आणि त्या मुक्या अक्षरांना मध्येच कंठ फुटतो, त्याचे काय? अनेकवचन दाखवणारा ‘ले’ आणि मित्र या अर्थाचा ‘आमी’ जवळ आले की ‘लेजामी’ होते (ज ‘बाजार’मधला). ‘मोठा’ या अर्थाचा ‘ग्राँ’ आणि माणूस या अर्थाचा ‘ऑम’ मिळून ‘ग्राँतॉम’. लेखनात त्या जागी द आहे, उच्चारताना त्याचा त होतो. इंग्रजी पुस्तके या प्रकरणावर पानेच्या पाने खर्च करतात. आपल्या आठवीतल्या मुलाला ‘हा संधी आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. जगत् आणि ईश मिळून जगदीश होताना त चा द होतो हे त्याने पाठ केलेले असते. इथे उलट झाले, इतकेच.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पहिले दोन महिने डोळ्यांपेक्षा कानांना काम द्यावे. धड्याचे ध्वनिमुद्रण पुस्तक मिटून ऐकावे आणि जे ऐकू आले ते वहीत सरळ देवनागरीत लिहावे. नंतरच छापील फ्रेंच मजकूर पाहावा. देवनागरीत लिहिलेले फ्रेंच अशास्त्रीय असते, असा आक्षेप जाणकार घेतील. तो खराही आहे, दोन-तीन स्वर आपल्या लिपीत बसतच नाहीत. पण ही वही उच्चार ठरवण्यासाठी नसून आपल्याला काय ऐकू आले ते पकडण्यासाठी आहे. छापील शब्द आधी पाहिला की डोळा त्याचा इंग्रजी उच्चार करून मोकळा होतो आणि कान आळशी राहतो.

आता लिंगाकडे येऊ. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास विचारतो, टेबल स्त्रीलिंगी का? मराठी माणसाने हा प्रश्न विचारणे म्हणजे कमाल आहे. आपण ‘बस आली’ म्हणतो, ‘ट्रक आला’ म्हणतो आणि ‘टेबल मोडलं’ म्हणतो. तिन्ही शब्द परके, तिन्हींना लिंग आपण दिले आणि ते कोणत्या नियमाने दिले हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे लिंगे तीन, फ्रेंचमध्ये दोनच. अर्थात जुळवाजुळव करायला जाऊ नये. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी, सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, पण चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे आणि समुद्रही. बस पुल्लिंगी आहे. सवय आपली, यादी त्यांची. नाम पाठ करताना त्याच्यामागे ‘एक’ या अर्थाचे उपपद लावूनच पाठ करावे. ‘तो-ती’सारखे निश्चित उपपद लावले तर स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांपुढे ते आखूड होते आणि लिंग झाकले जाते. शाळेला फ्रेंचमध्ये ‘एकोल’ म्हणतात, त्या शब्दाशी हेच होते.

विशेषण नामाप्रमाणे बदलते, हे आपल्याला ‘चांगला-चांगली-चांगले’ म्हणणाऱ्यांना कुणी समजावायला नको. याहून मजेची गोष्ट भूतकाळाची आहे. ‘तो गेला’, ‘ती गेली’ यांत क्रियापद कर्त्याचे लिंग घेते. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा काही क्रियापदांच्या बाबतीत फ्रेंचमध्येही तसेच होते. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ आणि ‘मी लिहिलेला निबंध’ यांत लिहिणारा कुणीही असो, ‘लिहिलेली’ आणि ‘लिहिलेला’ चिठ्ठी आणि निबंध यांच्याकडे पाहून ठरते. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले की हेच घडते. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना तिथल्या ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते. हा नियम खुद्द फ्रेंच मुलांनाही छळतो आणि इंग्रजी पुस्तकांत तो शेवटच्या, भीतीदायक धड्यात असतो. कर्मणी प्रयोग ज्याच्या जिभेवर आहे त्याने ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ एवढे आठवले की निम्मे काम होते. ‘मी त्याला पाहतो’ यातला ‘त्याला’ फ्रेंचमध्येही क्रियापदाच्या आधीच बसतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद तर आपल्या अंगातच आहे. त्यांचा ‘तू’ लिहिताना आपल्यासारखाच दिसतो, फक्त त्यातला स्वर मघाशी सांगितलेला, चंबू केलेला.

मराठीचे ओझे काहीच होत नाही, असे मात्र नव्हे. आपल्याकडे उपपदे नाहीत, त्यामुळे ती विसरली जातात. आपल्याला भूक ‘लागते’, फ्रेंच माणसाजवळ ती ‘असते’. अशी वाक्ये अखंडच पाठ केलेली बरी.

इंग्रजीचा उपयोग आहे तो शब्दसंपत्तीसाठी, आणि तो मोठा आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. ज्याला इंग्रजी वाचता येते त्याला फ्रेंच वर्तमानपत्राचा विषय तिसऱ्या महिन्यातच कळू लागतो. पण तिथेही फसगत आहे. फ्रेंच ‘लिब्रेरी’ हे पुस्तकांचे दुकान आहे, ग्रंथालय नव्हे. ‘देमांदे’ म्हणजे नुसते विचारणे, त्यात मागणीचा जोर नाही. ज्याचे इंग्रजी बेताचे आहे त्याला हे शब्द सावकाश मिळतील, पण या फसव्या जोड्यांत तो अडकणारही नाही.

फ्रेंच आकड्यांची कुरकूर मराठी माणसाने तरी करू नये. सत्तरला ते साठ-दहा म्हणतात, ऐंशीला चार-वीस आणि सत्त्याण्णवला चार-वीस-दहा-सात. आपल्या खेड्यांत म्हातारी माणसे ‘तीन विसा’ असे मोजत, त्याच घराण्यातली ही रीत. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत अडखळणाऱ्या मुलांसाठी बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यानामे आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत. पॅरिसने ते मानले नाहीत.

एकट्याने शिकण्याची रीत कोणती, याचे एक जुने उदाहरण मला फार आवडते. ट्रॉयच्या शोधासाठी पुढे हिसार्लिकची टेकडी खणणारा हाइनरिश श्लीमान १८४२च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये साधा कारकून होता. पगार वर्षाला आठशे फ्रँक, त्यातले निम्मे तो अभ्यासावर घालवी. सहा महिन्यांत इंग्रजी आणि पुढच्या सहा महिन्यांत फ्रेंच शिकलो असे त्याने लिहून ठेवले आहे. श्लीमानच्या स्वतःविषयीच्या सगळ्याच विधानांवर विसंबू नये, पण त्याची रीत विचार करण्याजोगी आहे. पुष्कळ मोठ्याने वाचायचे, भाषांतर करत बसायचे नाही, रोज तासभर द्यायचा, आपल्या आवडीच्या विषयांवर लिहून ते शिक्षकाकडून तपासून घ्यायचे आणि तपासलेले पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचे. फ्रेंचसाठी त्याने दोन पुस्तके पाठच केली. दोनच. आज आपल्या फोनमध्ये सहा अ‍ॅप आणि चाळीस ध्वनिचित्रफिती असतात आणि दर सोमवारी माणूस नव्याने ‘बोँजूर’पासून सुरुवात करतो.

कुठलेही एक बरे पुस्तक घ्यावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे. १९२९ साली अल्फोन्स शेरेल याने सुरू केलेल्या आसिमिल या प्रकाशनाची पद्धत मला त्यातल्या त्यात पटते. रोज अर्धा तास, आधी नुसते ऐकायचे, समजून घ्यायचे आणि म्हणायचे. सुमारे पन्नास धडे झाले की पुन्हा पहिल्या धड्याकडे यायचे आणि या खेपेला आपल्या भाषेतून फ्रेंचमध्ये जायचे. या पुस्तकात ‘आपली भाषा’ इंग्रजी धरलेली असते. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक धडा कळला की त्याच दिवशी त्याचे मराठी आपल्या हाताने वहीत लिहून ठेवावे. पुस्तकी मराठी नको, घरात बोलतो तसे. पन्नास धड्यांनंतर इंग्रजीकडे न बघता या वहीवरून फ्रेंच करावे. चुका कुठे होतात ते तिथे लख्ख दिसते.

अकरावी-बारावीत ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून घेतलेले फ्रेंच आणि हे फ्रेंच यांत फरक पडतो तो इथेच. नव्वदच्या वर गुण मिळवलेली हुशार मुले दोन वर्षांनी फ्रेंचमध्ये पत्ता विचारू शकत नाहीत, कारण मोठ्याने बोलण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नसते. कॅनडासाठीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी चारही अंगे तपासतात. तिथे ही उधारी वसूल होते. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून रेडिओ फ्रान्स आंतरराष्ट्रीयचे सोप्या फ्रेंचमधले बातमीपत्र ऐकावे. त्याची लेखी संहिताही मिळते. ती आधी न पाहता दोनदा ऐकावे.

राहिला प्रश्न तपासणाऱ्याचा. महिन्यातून दोनदा तरी जाणत्या माणसाने आपले लिहिलेले पाहावे. शहरात राहणाऱ्यांना हे अवघड नाही, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आलियाँस फ्राँसेज आहे. बाहेरगावच्यांनी आठवड्याच्या शिकवणीऐवजी एवढ्यापुरताच, फोनवरून का होईना, शिक्षक धरावा. पैसेही वाचतात. पण रोज ऐकणारा कुणीतरी हवा, आणि त्याला फ्रेंच यायला हवे असे नाही. रशियन शिकताना श्लीमानला शिक्षक मिळेना, तेव्हा त्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन एक गरीब म्हातारा समोर बसवला. त्याला रशियनचे एक अक्षर कळत नव्हते. श्लीमान त्याच्यापुढे इतक्या मोठ्याने पाठ म्हणे की शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्याला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. आपल्याकडे तर वही देवनागरीत लिहिलेली आहे. स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या आईपुढे ती उघडी ठेवावी आणि धडा म्हणून दाखवावा. एखादा शब्द गाळला तर तिच्या लगेच लक्षात येईल.