मुलांच्या खोकल्याचा हिशेब ठेवा

पावसाळा लागला की काही घरांत एकाच मुलाचा खोकला सुरू होतो. एक डॉक्टर 'सर्दी' म्हणतात, दुसरे 'छातीत कफ', तिसरे 'ॲलर्जी'. औषध मिळते, चार दिवसांत मूल खेळू लागते आणि डॉक्टरांची चिठ्ठी कुठेतरी हरवते. दीड महिन्याने पुन्हा तेच. प्रत्येक खेप वेगळी पाहिली तर किरकोळ वाटते. वर्षभराच्या साऱ्या खेपा एका कागदावर मांडल्या, तर मात्र दम्याचा संशय येऊ शकतो. बालदमा एका भेटीत क्वचितच ओळखता येतो, हीच खरी अडचण आहे.

या बाबतीत ब्रिटनमधील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे माणसाचे नाव एका ठरावीक फॅमिली डॉक्टरकडे नोंदवलेले असते. मुलाला तपासले की तारीख, आजार आणि औषध संगणकात नोंदले जाते. मोठ्या रुग्णालयाचे पत्रही त्याच डॉक्टरकडे येते. २००४ पासून दम्याच्या रुग्णांची वेगळी यादी ठेवण्यासाठी या डॉक्टरांना मोबदलाही मिळू लागला. अशा नोंदी असल्या की संगणकाला विचारता येते : घरघर किंवा खोकल्यासाठी वारंवार आलेली, पंप किंवा स्टेरॉइड दिलेली, पण दम्याच्या यादीत नसलेली मुले कोणती? नावे समोर येतात आणि डॉक्टर त्यांना बोलावून तपासू शकतात.

संगणक निदान मात्र करत नाही. लहान बाळांना विषाणूच्या संसर्गानेही घरघर होते आणि त्यांतील अनेकांना पुढे दमा होत नाही. पाच वर्षांखालील मुलांना फुंकून करायची श्वासाची तपासणी नीट जमत नाही. म्हणून तिथे 'दम्याचा संशय' अशी वेगळी नोंद करून मुलावर लक्ष ठेवतात. शिवाय डॉक्टरांनी नुसते 'खोकला' एवढेच लिहिले, तर संगणकही तेवढेच सांगणार.

नोंद असून ती कोणी पाहिली नाही तर काय होते, हेही ब्रिटननेच दाखवून दिले. दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची तिथे बारकाईने चौकशी झाली आणि २०१४ मध्ये अहवाल आला. मृतांपैकी २८ जण वीस वर्षांखालचे होते. तात्पुरता आराम देणारे किती पंप दिले, याची माहिती १६५ रुग्णांबाबत मिळाली. त्यांतील ६५ जणांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले होते. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. म्हणजे रोजचे सहा-सात फवारे! दमा आटोक्यात नव्हता, हे कागदच सांगत होता. असे रुग्ण दिसताच डॉक्टरांना इशारा देणारी सोय संगणकात तातडीने करावी, अशी शिफारस त्या अहवालाने केली.

आपल्याकडे २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले आणि आभा क्रमांकही आला. तरी गल्लीतल्या दवाखान्याची चिठ्ठी बहुधा कागदाचीच असते आणि मूल एका वर्षात तीन डॉक्टरांकडे जाऊन येते. तेव्हा हा हिशेब घरातच ठेवावा लागेल. भगिनींनो, शंभर पानांची एक वही पुरे.

खोकला कधी सुरू झाला, तो रात्री, पहाटे, धावल्यावर की हसल्यावर वाढतो, छातीतून शिटीसारखा आवाज येतो का, कोणते औषध किती दिवस दिले, वाफ किंवा पंप किती वेळा लागला, शाळा किती दिवस बुडाली, हे तारखेनिशी लिहा. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल किंवा बिडी-सिगारेटच्या धुराने त्रास वाढतो का, हेही टिपा. चिठ्ठ्या त्याच वहीत चिकटवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत छातीतला आवाज अनेकदा थांबलेला असतो. म्हणून घरीच मोबाइलवर चित्रण करून ठेवा.

'पंपाची सवय लागते' असे दादी-नानी काळजीपोटी म्हणतात. मुलगी असेल तर 'कागदावर दमा नको, पुढे स्थळांना काय सांगणार?' असेही काही घरांत ऐकू येते. नाव लपवल्याने आजार जात नाही. नियमित उपचार मात्र लांबतो. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते आणि त्याची मात्रा कमी लागते. आराम देणारा पंप आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा लागत असेल, तर नवा पंप आणण्याआधी डॉक्टरांना वही दाखवा.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वही बाजूला ठेवा. जवळ पंप असेल तर तो देत देत मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या.