नंदनवनातील जमीन कोणाची?



आपले घर गावकुसाबाहेर का होते, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. ती जागा निसर्गाने नेमून दिलेली नव्हती. समाजव्यवस्थेने ती घडविली होती. परंतु शहरात येताच हे सत्य आपण विसरतो, आणि जमिनीचा भाव पावसासारखा आपोआप पडतो असे मानू लागतो. हा भ्रम टाकून दिला पाहिजे.

आंरी लफेव्र या फ्रेंच विचारवंताने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच मांडले. जागा म्हणजे रिकामी पेटी नव्हे. समाज ती निर्माण करतो, आणि भांडवलशाहीत ती विक्रीचा माल बनते.

आपल्या नागपुरातील नंदनवनाकडे पाहा. पुराणात हे इंद्राच्या बागेचे नाव. येथे एकीकडे आखीव प्लॉटांची वसाहत आहे, दुसरीकडे झोपडपट्टी आहे. माती एकच; फरक कागदाचा. रस्ते, नळ, शाळा सार्वजनिक पैशाने होतात. घरे गवंड्याच्या हातांनी उभी राहतात, आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनींच्या श्रमावर ती चालतात. या सर्वांमुळे भाव वाढतो. पण वाढ मात्र कागदधारकाच्या पदरात पडते. त्याने पैसा गुंतविला हे खरे; परंतु भोवतालचे शहर त्याने एकट्याने वसविलेले नाही.

कायदा काय सांगतो? १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यासास जमिनी संपादन करून अभिन्यास आखण्याचा अधिकार मिळाला. या कायद्याखाली मालकास सर्वसाधारण भूसंपादन कायद्यापेक्षा कमी मोबदला मिळे. १९७२ साली विठ्ठलराव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद समतेच्या हक्काविरुद्ध ठरविला. हा निर्णय योग्यच होता. पुढे १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उपजीविका हा जीविताच्या हक्काचा भाग मानला. तथापि रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटविण्यास मनाई केली नाही. कागद असणाऱ्यास समान मोबदला मिळाला. कागद नसणाऱ्याच्या हाती नोटीस आली.

म्हणून कायदा जाणून घ्या. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याप्रमाणे घोषित झोपडपट्टीतील रहिवाशास बाहेर काढण्यासाठी मालकास सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. विनापरवाना पाडलेल्या लेआउटमध्ये प्लॉट घेतलेल्यांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे; २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली आहे.

करपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद जपून ठेवा. पट्टा मिळत असेल तर तो पतीपत्नी दोघांच्या नावे मागा. अडचणीच्या दिवशी मुद्रांकाच्या कागदावर घर दुसऱ्यास लिहून देऊ नका. त्या दिवसाचे पैसे संपतात, आणि भाववाढीचा मालक दुसराच होतो. एकट्याने कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा वस्तीने मिळून अर्ज करा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचा गौरव करणाऱ्यांना कठोर शब्दांत सुनावले. ती गावकुसाची भिंत ओलांडून आपण शहरात आलो. येथे पैशाने नवी भिंत उभी केली, तर ती निमूटपणे मान्य करू नका. जे शहर आपल्या श्रमाने घडते, त्यावरील आपला हक्क भीक नव्हे. तो न्याय आहे.

जय भीम.