विष वगळून केलेली लस

1959 साली कॉलऱ्याच्या विषावर भारतातून दोन लहानसे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचा, मे महिन्याच्या ‘नेचर’मध्ये. दुसरा परळच्या हाफकिन संस्थेतल्या दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा, जीवाणुशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात. डे यांचे नाव निदान वैद्यकाच्या इतिहासात उरले आहे. परळच्या कामाची आठवण मुंबईतसुद्धा कोणी फारशी काढत नाही.

डे यांचा प्रयोग कोणत्याही जिल्हा रुग्णालयात करता येईल इतका साधा होता. सशाचे लहान आतडे दोन ठिकाणी बांधायचे, मधल्या वेटोळ्यात जंतू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. वेटोळे पाण्याने टम्म फुगलेले असे. हे 1953 मध्येच दिसले होते. 1959 मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेले द्रावण सोडले आणि वेटोळे तरीही फुगले. परळमध्ये सशाच्या कोवळ्या पिल्लांना जंतू फोडून काढलेला अर्क तोंडावाटे दिला, तेव्हा त्यांना कॉलऱ्यासारखेच जुलाब झाले. निष्कर्ष एकच: जुलाब जंतूच्या विषामुळे होतात आणि ते विष आतड्यातच काम करते.

कॉलऱ्याच्या जंतूला विष असणार, हा अंदाज रॉबर्ट कॉखने 1884 मध्येच बांधला होता. पुढची पंचाहत्तर वर्षे ते सापडले नाही, कारण शोधणारे ते जनावरांच्या शिरेत आणि पोटाच्या पोकळीत टोचत राहिले. प्राणी मरत, पण जुलाब होत नसत. रक्तात विष शोधायचे आणि रोग मात्र आतड्याच्या अस्तरावर, असा हा घोटाळा होता. डे यांनी जागा बदलली. त्यांना हयातीत देशातल्या मोठ्या विज्ञान अकादम्यांनी सदस्यत्वही दिले नाही. नोबेलसाठी त्यांची शिफारस केली ती जोशुआ लेडरबर्ग यांनी, अमेरिकेतून.

लसीच्या बाबतीतही चूक तीच झाली होती, हे आपल्या व्यवसायाने लक्षात ठेवायला हवे. हाफकिनने 1890 च्या दशकात कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचली तेव्हापासून हे इंजेक्शन जत्रा-यात्रांच्या वाटेवर हजारोंना दिले गेले. दंडावर सूज, दोन दिवस ताप आणि संरक्षण जेमतेम काही महिन्यांचे. अखेर 1973 मध्ये जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी या लसीच्या दाखल्याची अट काढून टाकली. विष शुद्ध स्वरूपात हाती आल्यावर (फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो, 1969) ते निष्प्रभ करून टोचण्याची कल्पना पुढे आली. धनुर्वात आणि घटसर्प याच मार्गाने आटोक्यात आले होते. पण 1974 मध्ये बांगलादेशातल्या मतलब येथे हे टॉक्सॉइड सपशेल पडले. रक्तात प्रतिपिंडे होती, पण आतड्यात जेथे ती हवी होती तेथे पुरेशी पोहोचत नव्हती.

आतड्याचे संरक्षण आतडेच करते. पेयर्स पॅचेसवरच्या एम पेशी आतड्यातला प्रतिजन आत ओढून घेतात, तेथून निघालेल्या बी पेशी अस्तराखाली परततात आणि स्रावी आयजीए सोडतात. हे तोंडावाटे दिलेल्या लसीनेच नीट साधते. प्रतिजन मात्र जठराम्लातून वाचला पाहिजे, अस्तराला चिकटला पाहिजे आणि त्याने अपाय करता कामा नये. यातल्या शेवटच्या दोन अटी पुऱ्या करणारा रेणू निसर्गाने विषाच्याच पोटात ठेवला होता.

कॉलऱ्याचे विष दोन भागांचे असते. बी हा पाच सारख्या घटकांचा पंजा आतड्याच्या पेशीवरच्या जीएम1 गँग्लिओसाइडला घट्ट धरतो. ही जोडी 1970 च्या दशकाच्या आरंभी उलगडली आणि त्यात गॉटेनबर्गच्या यान होल्मग्रेन यांचा मोठा वाटा होता. ए हा खरा घातक भाग. तो पेशीच्या आत उलट्या वाटेने एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमपर्यंत जातो आणि तेथून निसटून जीएस प्रथिनावर एडीपी-रायबोज चिकटवतो. मग हे प्रथिन बंद होण्याचे विसरते. चक्रीय एएमपी वाढत राहते, क्लोराइडचे दार उघडे राहते आणि मागोमाग सोडियम व पाणी. एखाद्या रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाते ते असे. पेशी मरत नाही, अस्तर फाटत नाही, ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी यंत्रणा शाबूत राहते. म्हणूनच 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस ड्रमभर मीठ-साखरेच्या पाण्यावर माणसे वाचवू शकले. विषावरच्या मूलभूत संशोधनाचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ कोणता, असे विचारले तर आम्ही लसीआधी ओआरएसचे नाव घेऊ. ओआरएस का लागू पडते याचे उत्तर त्याच संशोधनाने दिले.

बी भाग एकटा असला तर निरुपद्रवी. मारलेल्या जंतूंत तो मिसळून होल्मग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिण्याची लस केली आणि 1985 मध्ये मतलबमध्येच तिची मोठी चाचणी झाली. एका गटाला बी भागासह लस, दुसऱ्याला नुसते मारलेले जंतू, तिसऱ्याला निरुपयोगी द्रव. सहा महिन्यांनी पहिल्या गटात संरक्षण 85 टक्के होते, दुसऱ्यात 58. येथवर विषाभ्यासकांचा विजय होता. तीन वर्षांची गोळाबेरीज केली तेव्हा आकडे निघाले 50 आणि 52.

म्हणजे विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती लवकर ओसरली आणि टिकली ती जंतूच्या बाह्यावरणाविरुद्धची. बी भाग महाग, आम्लात टिकत नाही म्हणून सोबत सोडाचे पाणी हवे, लहान मुलाला ते पाजायचे तर आणखी कटकट. श्रीमंत देशांतल्या प्रवाशांना ते परवडते. शिवाय ईटीईसी हा जुलाबाचा दुसरा जंतू कॉलऱ्यासारखेच विष सोडत असल्याने या लसीने त्यापासूनही थोडे दिवस संरक्षण मिळते. व्हिएतनामने वेगळा विचार केला. स्वीडनकडून तंत्र घेतले, बी भाग काढून टाकला आणि 1997 पासून स्वस्त लस स्वतःच्या देशात वापरली. सोलच्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेने तीच सुधारून घेतली आणि कोलकात्याच्या वस्त्यांत सुमारे 67 हजार लोकांवर तिची चाचणी झाली. पाच वर्षांनंतरही संरक्षण 65 टक्के. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची ‘शॅनकॉल’ 2009 मध्ये बाजारात आली ती हीच. आज जगाच्या आपत्कालीन साठ्यातल्या लसी याच घराण्यातल्या आहेत. विषाचा एवढा अभ्यास झाला आणि गरिबांच्या कामी आलेली लस निघाली विषाला वगळून! आम्हाला यात पराभव दिसत नाही. काय वगळता येईल हे कळायलाही आधी सगळे तपासावे लागते.

खरी अडचण दुसरीकडे आहे. कोलकात्याच्या चाचणीत पंधरा वर्षांवरील लोकांत संरक्षण 74 टक्के होते, एक ते चार वर्षांच्या मुलांत फक्त 42. ज्यांना जुलाब सर्वाधिक जिवावर बेततात त्यांनाच लस सर्वांत कमी लागू पडते. हे कॉलऱ्यापुरते नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीने भारतीय मुलांत अपेक्षेपेक्षा कमी प्रतिपिंडे येतात, हे टी. जेकब जॉन यांनी वेल्लोरहून 1970 च्या दशकातच सांगितले होते. ते ऐकायला सरकारला बराच वेळ लागला. आपल्या ‘रोटाव्हॅक’ने तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून पहिल्या वर्षी 56 टक्के संरक्षण दिले, तर युरोपात त्याच प्रकारच्या लसींचे आकडे 85 च्या वर जातात. विषाचे जनुक कापून केलेली कॉलऱ्याची जिवंत लस, सीव्हीडी 103-एचजीआर, अमेरिकी स्वयंसेवकांत उत्तम ठरली आणि उत्तर जकार्ताच्या वस्त्यांत तिचा प्रभाव जवळपास दिसलाच नाही. वारंवार संसर्ग झालेले, सुजलेले, अस्तर चपटे झालेले आतडे लसीला पुरता प्रतिसाद देत नाही. आईच्या दुधातली प्रतिपिंडे आणि जस्ताची कमतरता यांचाही हात असावा.

उपाय म्हणून विषाचे पाळीव रूपच सहऔषध म्हणून वापरायचे प्रयत्न सुरू आहेत. ईटीईसीच्या विषातली दोन अमिनो आम्ले बदलून केलेले रूप तोंडावाटे दिलेल्या लसींत मिसळले जात आहे. येथे सावधगिरीची एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. 2000 साली स्वित्झर्लंडमध्ये नाकातून द्यायच्या फ्लूच्या लसीत हेच विष मूळ रूपात घातले गेले. चेहऱ्याच्या अर्धांगवायूचे रुग्ण वाढले आणि लस मागे घ्यावी लागली. आतड्यात चालते ते नाकात चालेलच असे नाही.

पुरवठ्याचे रडगाणेही थोडक्यात. जगात मागणी इतकी वाढली की ऑक्टोबर 2022 पासून साथीच्या वेळी दोनऐवजी एकच मात्रा द्यायचे ठरले. ‘शॅनकॉल’चे उत्पादन बंद झाले. 2024 मध्ये भारत बायोटेकने ‘हिलकॉल’ आणली, म्हणजे भारतीय लस पुन्हा हाताशी आहे. राष्ट्रीय लसीकरणात मात्र कॉलऱ्याच्या लसीला जागा नाही, आणि सरसकट द्यावी असे आमचेही मत नाही. जेथे दरवर्षी साथ येते तेथे पावसाळ्यापूर्वी ती द्यावी, बाकी ठिकाणी पाण्यावर पैसा खर्च करावा. 2011 मध्ये ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या सत्यबादी भागात सरकारी यंत्रणेने हे करून दाखवले आहे.

पण महाराष्ट्रात ‘जेथे दरवर्षी’ म्हणजे कोठे? 2022 च्या जुलैत मेळघाटातल्या गावांत विहिरीचे पाणी पिऊन लोक दगावले तेव्हा कॉलऱ्याचे नाव पुढे आले. अशा किती गावांत तांदळाच्या धुवणासारखे जुलाब ‘गॅस्ट्रो’ या खात्यावर जमा होतात, ते तपासलेच जात नाही. रुग्ण आला, सलाइन लावले, अँटिबायोटिक दिले, बरा झाला, घरी गेला. विषाची रचना आपल्याला अणूपर्यंत माहीत आहे, पण जंतू कोणत्या तालुक्यात आहे हे माहीत नाही. मग लस कोणाला द्यायची, हे कोणत्या आधारावर ठरवणार?

हा अंक हाती पडेल तेव्हा पाऊस सुरू झालेला असेल. पाच वर्षांवरचा रुग्ण तीव्र पाणीदार जुलाबांनी कोरडा पडलेला दिसला तर अँटिबायोटिकच्या पहिल्या मात्रेपूर्वी शौचाचा नमुना घ्या. कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या दोन-चार नळ्या दवाखान्यात ठेवा. माध्यमातला नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत हा जंतू तग धरत नाही. नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवा आणि टीसीबीएसवर कल्चर करा असे चिठ्ठीत लिहा. निकाल येईपर्यंत ओआरएस चालू ठेवा, आणि तो नकारात्मक आला तरी नोंद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवा.