रिपोर्ट नॉर्मल, अपेंडिक्स फुटलेले

नवी मुंबईत तुर्भे स्टोअरचा किंवा दिघ्याचा एखादा कामगार पोट दुखते म्हणून रात्री जवळच्या दवाखान्यात जातो. दुखणे थांबवणारे इंजेक्शन, ॲसिडिटीची गोळी आणि रक्त तपासायची चिठ्ठी त्याला मिळते. सकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो : पांढऱ्या पेशी ९,४००, मर्यादा ४,००० ते ११,०००. रिपोर्ट नॉर्मल, कामावर जा! अशाच रुग्णांतला एखादा दोन दिवसांनी पोट फळीसारखे ताठ झालेल्या अवस्थेत मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा अपेंडिक्स फुटून पू पोटात पसरलेला असतो.

दोष रक्ततपासणीचा नाही, तिलाच निदान समजण्याचा आहे. फिलाडेल्फियात काम करणारे शल्यविशारद आल्फ्रेडो अल्व्हाराडो यांनी १९८६ मध्ये ३०५ रुग्णांच्या नोंदी तपासून अपेंडिक्सची सूज, म्हणजे अपेंडिसायटिस, ओळखण्यासाठी १० गुणांची पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यांतले रक्ताचे गुण अवघे ३. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले का, भूक मेली का, उलटी-मळमळ आहे का, ताप आहे का, पोटात उजवीकडे खाली दाबल्यावर दुखते का आणि दाबलेला हात झटकन काढल्यावर कळ येते का, याचे ७. म्हणजे रक्त पूर्ण निर्दोष असूनही रुग्णाला ७ गुण पडू शकतात, आणि अल्व्हाराडोंच्याच हिशेबाने ७ म्हणजे अपेंडिसायटिसची दाट शक्यता. हे सात गुण मिळवायला प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाला टेबलावर झोपवून पोटाला हात लावावा लागतो. गर्दीच्या दवाखान्यात नेमके तेच राहून जाते.

त्यात वेळेचा घोळ. सूज दाखवणारे सीआरपी हे प्रथिन रक्तात चढायला काही तास जातात. दुखणे सुरू होताच घेतलेला नमुना त्यामुळे फसवा दिलासा देऊ शकतो. शंका असेल तर काही तासांनी पोट पुन्हा तपासून रक्त पुन्हा घ्यावे, सोनोग्राफी करावी. उलट, पांढऱ्या पेशींचा काउंट वाढला म्हणून थेट ऑपरेशनची घाई करणारेही आहेतच. लघवीचा संसर्ग असला तरी पेशी वाढतात, गरोदरपणात तर एरवीही जास्तच असतात. पोटदुखी नि ताप दिसला की विडाल ही रक्ततपासणी करून टायफॉइडचा शिक्का मारायची आपली जुनी खोड तर वेगळीच. त्या शिक्क्यावर सुरू केलेल्या अँटिबायोटिकने ताप उतरतो, लक्षणे दबतात आणि मूळ दुखणे आत वाढत राहते.

ज्या कागदावर एवढा भरवसा, तो कोण देतो? पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीनेच रिपोर्ट दिला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. प्रयोगशाळांनाही कक्षेत घेणारा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही, आणि आपला १९४९ चा नर्सिंग होम कायदा प्रयोगशाळांसाठी केलेलाच नव्हता. प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता ऐच्छिक. एवढ्या मोकळ्या रानात कोणाच्याही सहीचा रिपोर्ट खपतो.

महापालिकेने आपल्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते, सर्जन कुठे हजर असतो, याची यादी प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राच्या दारावर लावावी. शहरातील प्रयोगशाळांच्या रिपोर्टांवर सही कोणाची असते, हेही तपासावे. राज्य सरकारने प्रयोगशाळांसाठी सक्तीच्या नोंदणीचा कायदा आता लांबवू नये.

आणि वाचकहो, घरात कोणाचे दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकले असेल, चालताना किंवा खोकताना कळ येत असेल, तर हातातला रिपोर्ट नॉर्मल असला तरी सकाळची वाट पाहू नका. सर्जन असलेले रुग्णालय त्याच रात्री गाठा.